‘कसलं मटण आहे?’ – एका कोरियन जेवणाच्या निमित्ताने



गेल्या महिन्यात आष्टीत आमच्या अभ्यासगटाची बैठक लांबली. विषय होता स्पर्धा परीक्षेत आलेलं अपयश आणि गावाकडे परतलेले तरुण, म्हणजे लवकर संपणारा नव्हताच. रात्रीचे नऊ वाजले आणि लक्षात आलं की घरात काहीच शिजलेलं नाही. पुण्याहून सुट्टीला आलेली आमच्यातली एक मुलगी उठली. म्हणाली, अर्धा किलो मोठ्याचा खिमा आणलेला आहे, वीस मिनिटं द्या. मोबाईलवर कोरियन मालिका बघून बघून तिला एक प्रकार पाठ झालेला. तिने तो केला, आम्ही पाच जणांनी खाल्ला, आणि तिने वाडग्याचा फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं – कोरियन बीफ राईस, मेड इन आष्टी.

सकाळपर्यंत तीन मेसेज आले. पुण्यातल्या तिच्या रूममेटने विचारलं, भारी दिसतंय, कसं केलं? आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी लिहिलं, बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितलं तेच तुम्ही मिरवता? आणि शाळेत बरोबर शिकलेल्या एकाने चारच शब्द पाठवले: कसलं मटण आहे ते?

तिघांना उत्तर देणं आम्हाला गरजेचं वाटतं. रूममेटचं सोपं आहे, म्हणून आधी ते.

चार-पाच माणसांना अर्धा किलो म्हशीचा खिमा पुरतो. म्हशीच्या मांसाला चरबी कमी, म्हणून कढईत दोन चमचे तेल टाकून ते चांगलं तापू द्यायचं. खिमा टाकला की लगेच हलवायचा नाही. पसरून ठेवायचा, त्याचं पाणी सुटतं, ते आटू द्यायचं, मग तो खाली लागून तांबूस व्हायला लागतो. तिथे आठ-दहा पाकळ्या ठेचलेला लसूण, बोटाएवढं आलं किसून आणि लाल मिरचीची भरड टाकायची. पाव वाटी सोया सॉस, दोन चमचे किसलेला गूळ, अर्धी वाटी पाणी, आणि दहा मिनिटं झाकण. मीठ टाकू नका, सोया सॉसमध्ये ते पुरेसं असतं. आम्ही टाकलं आणि फसलो. कोरियन लोक भाजलेल्या तिळाचं तेल वरून घालतात. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नसतो, म्हणून मूठभर तीळ खमंग भाजून, भरडून घाला, काम भागतं. वरून कांद्याची पात. भात रेशनचाच, थोडा मऊ शिजवलेला. अंडं असेल तर तळून वर ठेवायचं. खिम्याऐवजी तुकडे असतील तर मांस धाग्याच्या आडवं, अगदी पातळ कापायचं आणि अर्धा तास कच्च्या पपईचा चमचाभर लगदा चोळून ठेवायचा. तिकडे त्यासाठी नासपतीसारखं एक फळ किसून घालतात. त्या पातळ कापांना ते बुल्गोगी म्हणतात, अर्थ साधा आहे – आगीवरचं मांस.

लसूण सोलायला आणि पात चिरायला आम्ही गटातल्या मुलांना बसवलं होतं. हे मुद्दाम सांगतोय. चळवळीत खाण्याच्या हक्कावर तास-तास बोलणारे आमचे मित्र घरी गेल्यावर आईच्या हातचं आयतं ताट पुढे ओढतात. दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेली बाई रात्री त्यांच्यासाठी चुलीपुढे बसते. वीस मिनिटांचं जेवण ज्याला करता येत नाही त्याने अन्नाच्या राजकारणावर पोस्ट लिहू नये, असं आमचं मत आहे. बनलं ते बरं होतं. गूळ जरा जास्त पडला होता.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. ज्या सोयाबीनच्या आंबवणीतून तो सॉस तयार होतो ते सोयाबीन आपल्याच जिल्ह्यात पोत्यांनी पिकतं. आपण ते मोंढ्यावर टाकतो, त्याचं तेल निघतं, पेंड कोंबड्यांना जाते. कोरियात पूर्वी घरोघरी मातीच्या रांजणात सोयाबीन आंबवून वर्षभराचं कालवण साठवायची पद्धत होती. इथे आपण त्याच सोयाबीनची भावपट्टी बघत बसतो आणि बाटली दुकानातून विकत आणतो.

आता ज्येष्ठांचा प्रश्न. दादा, तुम्ही नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्ल्या आहेत, तुमच्या शब्दाला आमच्याकडे वजन आहे. म्हणून टाळाटाळ न करता बोलतो.

त्या रात्री त्या मुलीची आजी जागी होती. मालिकेतलं जेवण तिच्या पुढ्यात ठेवलं. भात बघून ती म्हणाली, आमच्यात भात सणाला असायचा, रोज बाजरीची भाकर. मग एक घास खाल्ला आणि नातीला विचारलं, “इकत आणलंस का गं?” नात हो म्हणाली. “पैसे देऊन?” हो. मग आजी निवांत जेवली.

चवीबद्दल तिने काही विचारलं नाही, जनावराबद्दलही नाही. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की हे विकत आणलं की कोणी दिलं. कारण तिच्या लहानपणी मांस घरात यायचं ते ‘पडी’चं. गावात कुणाचं जनावर मेलं की महारवाड्याला निरोप यायचा. ते ओढून न्यायचं, सोलायचं, कातडं ज्याचं त्याला द्यायचं आणि मांस वाटून घ्यायचं. ताजं तेवढं शिजवायचं, उरलेल्याच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या, त्या चान्या. पुढे महिनोन् महिने दुष्काळात त्या निखाऱ्यावर भाजून भाकरीबरोबर खायच्या. आष्टी-पाटोद्याच्या या कोरड्या पट्ट्यात कितीतरी घरं त्या चान्यांवर जगली. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या या खाण्याची नोंद केली आहे. पुस्तकाच्या नावातच उत्तर आहे: ज्या अन्नातून आमचं ताट वगळलं ते पूर्णब्रह्म कसं? २०१५ साली ते आलं, आणि २०२४ साली इंग्रजीत गेल्यावर इंग्रजी वाचणाऱ्यांना मराठवाड्याच्या दलितांचं स्वयंपाकघर दिसलं. आमच्या आयांना ते आधीपासून माहीत होतं, फक्त सांगायची लाज वाटत होती.

१९ आणि २० मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, मेलेलं जनावर ओढणं सोडा, शिळे तुकडे मागणं सोडा असं सांगितलं. नीट बघा, या तिन्ही गोष्टींत समान काय आहे? तिन्ही गोष्टी गाव आपल्याला *देतं*. पड, तुकडा, बलुतं. बाबासाहेबांनी तोडायला सांगितलं ते हे देणं-घेणं, कारण त्या बदल्यात गाव आपली माणुसकी घेत होतं. स्वतःच्या कमाईचे पैसे मोजून, दुकानातून, पावतीवर आणलेलं ताजं मांस ही वेगळी गोष्ट आहे. आजीला हा फरक एका प्रश्नात कळला. आम्हाला तो समजायला वाचन करावं लागलं, हे कबूल करतो.

पुढे १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ लिहिताना बाबासाहेबांनी गोमांसाच्या प्रश्नालाच हात घातला. वैदिक काळात गोमांस खाल्लं जात होतं याचे ग्रंथातले पुरावे मांडले. मग ब्राह्मणांनी ते का सोडलं, बौद्ध धम्माशी चाललेल्या चढाओढीत गाय पवित्र कशी झाली, आणि ज्या गरीब, फुटलेल्या टोळ्यांना मेलेल्या गायीशिवाय पर्याय नव्हता त्या अस्पृश्य कशा ठरल्या, याची साखळी जोडली. त्या सिद्धांताच्या तपशिलावर अभ्यासकांचे मतभेद आहेत, असू देत. पण हे पुस्तक वाचून कोणी असं म्हणत असेल की बाबासाहेबांनी आपल्याला गोपूजकांच्या रांगेत उभं राहायला सांगितलं, तर त्याने ते पुन्हा वाचावं.

बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे, हेही आम्ही विसरलेलो नाही. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्या उपासकांनी विचारपूर्वक मांस सोडलं त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेब गरजेपोटी मारणं आणि मारण्याची इच्छा यांत फरक करतात, आणि तथागतांची अहिंसा ही आंधळा नियम नव्हती असं सांगतात. यावर वाद होऊ शकतो, व्हावा. पण आमच्या वस्त्यांत चालतं ते वेगळंच. बोकड चालतो, कोंबडी चालते, रविवारी मासे चालतात, फक्त मोठ्याचं नको. ही करुणा नाही दादा. गाव काय म्हणेल याची ती भीती आहे, आणि आपण तिला धम्माचं नाव दिलं आहे. खिडक्या लावून शिजवायचं, उदबत्ती लावायची, दारात कोणी आलं तर वांग्याची भाजी केलीय म्हणून सांगायचं. ‘मोठ्याचं’ हा शब्दही त्यातूनच आलेला, जनावराचं नाव घ्यायचं नाही म्हणून. आणि ज्याच्याकडून आपण ते विकत घेतो त्या कुरेश्याच्या घरी चहा प्यायला आपल्यातले किती जण जातात? मांगाच्या ताटात किती जण जेवतात? या प्रश्नांपुढे आमचाही आवाज बारीक होतो.

हे लिहीत असताना आम्ही त्या कोरियाबद्दल थोडं वाचलं, आणि आमच्या मुलीला जे मालिकेत कधी दिसलं नाही ते सापडलं.

कोरियातही मांस खाणारे मानाचे होते आणि जनावर मारणारे नीच होते. त्यांना बेकजोंग म्हणत. जनावरं मारायची, कातडं कमवायचं, बुरूड विणतो तशा टोपल्या विणायच्या, ही त्यांची कामं. वस्ती गावाबाहेर. बाकीचे पुरुष घालतात ती काळी टोपी त्यांनी घालायची नाही, दुसऱ्यांच्या पोरासोरांपुढेही वाकायचं. अमीर-उमरावांच्या ताटात आणि पूर्वजांच्या पूजेत गोमांस, आणि ते कापून देणारा बाटलेला. १८९४ च्या सुधारणांनी कायद्याने हा दर्जा रद्द केला. कायद्याने रद्द झालेलं गावात किती वर्षं टिकतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

१९२३ साली जिंजू नावाच्या गावात त्यांनी संघटना उभी केली, ह्योंगप्योंगसा. तिथेही ठिणगी शाळेचीच होती, बेकजोंगांच्या पोरांना शाळेत घेत नव्हते. नावातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ तराजू, दुसऱ्याचा समपातळी. खाटकाच्या हातात जो तराजू असतो तोच त्यांनी समतेचं चिन्ह केला. गावकऱ्यांनी काय केलं? त्यांच्याकडून मांस घेणं बंद केलं, बहिष्कार टाकला. १९२५ साली येचॉन इथे जमावाने त्यांच्यावर हल्ले केले. ह्योंगप्योंगसाच्या आदल्या वर्षी, १९२२ ला, जपानमध्ये बुराकू लोकांनी सुइहेइशा काढली होती. १९२४ ला मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा, १९२७ ला महाड. तिथे मांसावर बहिष्कार, इथे चवदार तळ्यानंतर मारहाण. पाच वर्षांच्या आत पूर्व आशियापासून कोकणापर्यंत एकच माणूस उभा राहत होता.

आज ‘बेकजोंग’ हा शब्द कोरियात शिवी म्हणून उरला आहे, आणि त्याच वेळी मांस भाजून देणाऱ्या एका मोठ्या हॉटेल-साखळीच्या पाटीवर तो दिमाखात झळकतो. युद्धं, शहरं, स्थलांतर यांत ती वस्ती विरघळली. कोण कुणाचा नातू हे आता तिथे बहुतेकांना सांगता येत नाही. तिथे सगळं सुटलं असं आम्ही म्हणत नाही. पण आपल्याकडे आडनावावरून नव्वद टक्के काम होतं, आणि उरलेलं ताटावरून.

म्हणूनच तो तिसरा मेसेज. कसलं मटण आहे?

हा प्रश्न चवीसाठी विचारला जात नाही. तो घरमालक विचारतात, मेसवाल्या मावशी विचारतात. आमच्या या मुलीला पुण्यात खोली शोधताना एका घरमालकिणीने ‘नॉनव्हेज खाता का’ एवढंच विचारलं आणि आडनाव ऐकून ‘खोली आधीच गेली’ म्हणाल्या. जात विचारणं गैर, ताट विचारणं स्वच्छतेचं! आणि हाच प्रश्न रेल्वेच्या डब्यातही विचारला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये जळगावहून मुलीकडे कल्याणला निघालेल्या एका वृद्ध मुस्लिम माणसाला धुळे एक्सप्रेसमध्ये डब्यातल्या तरुणांनी मारलं. त्याच्या डब्यात मांस होतं एवढंच कारण. २०१६ च्या जुलैत उना इथे मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून मारलं. शतकानुशतकं ज्यांनी आपल्याला ती ओढायला लावली त्यांनीच ती ओढली म्हणून मारायचं, याला काय म्हणावं?

आमच्या तरुण मित्रांना कायदा नीट ठाऊक असला पाहिजे, म्हणून थोडं सांगतो. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने आधीपासून बंदी होती. १९९५ ची दुरुस्ती वीस वर्षं राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी पडून होती, ती २०१५ च्या फेब्रुवारीत मिळाली आणि मार्चपासून बैल आणि वळूही बंद झाले. कत्तलीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. म्हशीवर ही बंदी नाही, तिच्यासाठी प्रमाणपत्र लागतं. ६ मे २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, पण दोन कलमं उडवली. राज्याबाहेर कापलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम ५-ड गेलं, कारण माणसाने आपल्या घरात काय खावं हा त्याच्या खासगीपणाचा भाग आहे. आणि आपण निर्दोष आहोत हे आरोपीनेच सिद्ध करावं असं सांगणारं ९-बही गेलं. म्हणजे तुमच्या कढईत काय आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची नाही. तरीही दुकानाची पावती जपून ठेवा. जमाव निकालपत्र वाचून येत नाही.

आणि हा फक्त आपल्या आणि मुसलमानांच्या ताटाचा प्रश्न आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आष्टी-कड्याच्या बाजारात जाऊन उभं राहावं. इथे दुधाचा धंदा मोठा. होल्स्टीनच्या गायीला गोऱ्हा झाला की त्याचं करायचं काय, हा मराठा, वंजारी, माळी सगळ्या शेतकऱ्यांचा प्रश्न आहे. ऊसतोडीच्या गाड्याला जुंपून थकलेला बैल पूर्वी विकला जायचा, त्या पैशात नवा खोंड घेताना हातभार लागायचा. आता तो विकायला काढला तर रस्त्यात गाडी अडवणारे उभे. २०२५ च्या पावसाळ्यात कुरेशी समाजाने त्रासाला कंटाळून राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा बाजार ओस पडले आणि शेतकऱ्यांचे नेतेही बोलू लागले. दुष्काळी तालुक्यात म्हातारं जनावर पोसायला चारा कोण देणार, हे गायीला माता म्हणणाऱ्यांनी अजून सांगितलेलं नाही. आणि हाच देश म्हशीच्या मांसाचा जगातल्या मोठ्या निर्यातदारांपैकी एक आहे! परदेशातल्या ताटात गेलं की ते परकीय चलन, आष्टीतल्या ताटात आलं की चौकशी.

आमच्यातले काही मित्र म्हणतात, मग चौकात बीफ फेस्टिव्हल करू. २०१२ ला उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी केला होता, त्याचं धाडस मोठं होतं. पण आम्हाला इथे तसं करावंसं वाटत नाही. एक तर त्याची किंमत शेजारच्या कुरेशी मोहल्ल्याला मोजावी लागेल, आपल्याला नंतर. दुसरं, मोठ्याचं मटण ही आमची ओळख नाही. ते स्वस्त आहे, बोकडाच्या निम्म्याहून कमी भावात मिळतं, कष्ट करणाऱ्या अंगाला ताकद देतं, आणि नीट केलं तर चवीला उत्तम लागतं, म्हणून आम्ही ते खातो. ज्याला नको त्याने खाऊ नये. आम्हाला हवं आहे ते एवढंच की बुधवारी रात्री भूक लागल्यावर, खिडकी उघडी ठेवून, कोणालाही उत्तर न देता कढई गॅसवर ठेवता यावी.

ती मुलगी परत पुण्याला गेली. नवी खोली शोधते आहे. घरमालकिणीने विचारलं तर काय सांगू, असं तिने आम्हाला विचारलं. गटात दोन तट पडले. एक म्हणतो खरं सांग. दुसरा म्हणतो, तिला परीक्षा द्यायची आहे, सगळ्या लढाया एकटीने का लढायच्या? आम्ही तिच्यावर सोडलं आहे.

शाळेतल्या त्या मित्राला मात्र त्याच दिवशी उत्तर पाठवलं. म्हशीचं आहे, पावती आहे, रविवारी पुन्हा करतोय, जेवायला ये. निळ्या खुणा लगेच दिसल्या. उत्तर अजून आलेलं नाही.